मधला न वाचलेला भाग

हे आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेलं नाही. नवऱ्याजवळ नाही, बहिणीजवळ नाही. आईजवळ एकदा अगदी ओठांपर्यंत आलं होतं — पण ती तेव्हा अंथरुणाला खिळली होती आणि भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला 'माझी पोरगी शास्त्रज्ञ हाय' एवढंच सांगायची, म्हणून मी गिळलं. म्हणजे बघा, तेव्हाही मला निमित्त मिळालंच. निमित्तं मला फार पटकन मिळतात. तुम्हाला का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. किंवा मागच्या आठवड्यात जे झालं त्यानंतर पोटात ठेवणं जमेना म्हणून. त्याकडे येईनच. पण सरळ येता येणार नाही मला, थोडं फिरून येते.

मी बेळगावात पेशींवर काम करते. शहराबाहेर एक संशोधन केंद्र आहे, त्याचं नाव सांगत नाही, कारण त्या बिचाऱ्या इमारतीचा यात काही दोष नाही. मूळची निपाणीची. आप्पा तंबाखूच्या वखारीत हमाल होते, आई विड्या वळायची. आमच्या वस्तीतून शिकून बाहेर पडलेल्या पहिल्या मुलींपैकी मी. वस्तीतल्या विहारात माझा सत्कार झाला होता — शाल, नारळ नाही, पुस्तकं — आणि मी भाषणात म्हटलं होतं की पुढच्या मुलींसाठी दार उघडं ठेवीन. टाळ्या चांगल्या पडल्या. ते भाषण आठवलं की अजून कानशिलं तापतात.

आधी कामाबद्दल सांगते, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. आपल्या प्रत्येक पेशीत माल इकडून तिकडे नेणारी प्रथिनं असतात, त्यांना मोटर प्रथिनं म्हणतात. मी ज्याच्यावर काम करते त्याला दोन पाय असतात. खरे पाय नव्हेत, पण चालतं ते तसंच, एक पुढे एक मागे. पायांच्या वर लांब दांडा आणि दांड्याच्या टोकाला शेपूट. माल शेपटीला लागतो. पेशीत बारीक नळ्यांचे रस्ते असतात, त्यांवरून हे माल ओढत जातं. आता प्रश्न असा — माल नसेल तेव्हा हे काय करतं? रिकामंच पळत राहिलं तर पेशीचं इंधन फुकट जाईल, रस्ते तुंबतील. म्हणून माल नसला की ते दांड्यात दुमडतं, शेपूट खाली येऊन पायांना धरून ठेवते, आणि ते गप्प बसतं. माल शेपटीला लागला की शेपूट उचलली जाते, दांडा उलगडतो, पाय मोकळे होतात. आपल्यावर माल आहे की नाही हे ते असं ठरवतं. मेंदूतल्या लांब लांब पेशींत हे बिघडलं की माणसं आजारी पडतात, त्यामुळे हा नुसता गमतीचा विषय नाही.

वर्गात मी हे आप्पांवरून सांगायचे. वखारीसमोर गाडी नसली की हमाल गुडघे पोटाशी घेऊन, हातांची मिठी घालून बसलेले असत. गाडी लागली, पाठीवर पोतं आलं की उठून चालू लागत. रिकामा हमाल उगीच बाजारभर पळत सुटला तर लोक काय म्हणतील? पोरं हसायची. मलाही बरं वाटायचं. आपल्या बापाला आपण पुस्तकात बसवलं असं वाटायचं. आणि याच एका गोष्टीवर — रिकामं असताना बसतं, माल आला की उठतं — मी पुढे जे केलं ते केलं.

परदेशातून परत आले तेव्हा मला या प्रथिनाचा डीएनए, म्हणजे ते बनवायची कृती असलेला धागा, हवा होता. माझ्या जुन्या गाइडकडे तो होता. एक मेल टाकला असता तर त्यांनी पाठवला असता. पण मी मागितला नाही. माझं मी बनवीन, कुणाच्या दारात जाणार नाही — असला ताठा. लांब धागा होता, दोन तुकड्यांत बनवला आणि जोडला. जोड आला दांड्याच्या मधोमध. असा धागा बनवला की तो नीट झालाय का हे वाचून घ्यावं लागतं. वाचायला बाहेर पाठवतात. एका टोकाकडून ठरावीक अंतरापर्यंतच वाचता येतं, तेवढंच दुसऱ्या टोकाकडून. धागा लांब असेल तर मधला भाग उरतो. त्यासाठी मधूनच वाचायला सुरुवात करून देणारा एक वेगळा छोटा तुकडा मागवायचा, मग पुन्हा वाट बघायची. त्या काळी आमच्याकडे — आणि आमच्याकडेच असं नाही — सरळ हिशेब असायचा : दोन्ही टोकं बरोबर आली ना, मग मधलं कशाला चुकेल?

माझी दोन्ही टोकं बरोबर आली. मी ट्यूबवर माझ्या अक्षरात नाव घातलं, फ्रीजरमध्ये ठेवली आणि विभागाच्या बैठकीत सांगितलं की हा धागा पूर्ण तपासलेला आहे. पूर्ण — हा शब्द मी वापरला. कुणी विचारलंही नव्हतं.

मग सुजाता आली.

तीही निपाणीचीच, आमच्याच वस्तीतली. तिची आई आणि माझी आई एका ओळीत बसून विड्या वळायच्या. मी जिच्यासाठी दार उघडं ठेवणार होते ना, ती हीच. कॉलेजात हुशार, परीक्षा पास होऊन शिष्यवृत्ती मिळवून आलेली, माझी पहिली पीएच.डी.ची विद्यार्थिनी. प्रयोगशाळेत मला मॅडम म्हणायची आणि शनिवारी दोघी निपाणीच्या बसमध्ये बसलो की आक्का. तवंदीच्या घाटात बस डुलायला लागली की हिला मळमळायचं. मग मी तिला आलेपाक द्यायचे आणि ती तोंडात आलेपाक ठेवून मला प्रोटीनबद्दल विचारत बसायची. एवढे प्रश्न! मला तिचा अभिमान होता. हे खोटं नाही. पुढे जे सांगणार आहे ते ऐकल्यावर तुम्हाला खोटं वाटेल, पण नाही.

तिला काम दिलं ते असं. माझ्या धाग्यापासून प्रथिन काढायचं, त्याला चमकणारा रंग लावायचा आणि काचेवर नळ्यांचे रस्ते अंथरून मायक्रोस्कोपखाली बघायचं. एका काचेवर माल घालायचा, म्हणजे शेपटीला चिकटणारा तुकडा. दुसरी काच रिकामी. माल असलेल्या काचेवर ठिपके पळायला हवेत, रिकाम्या काचेवर जवळजवळ काहीच हलायला नको. ही सुरुवात होती, खरं काम याच्या पुढे होतं. माल कसा लागतो, किती घट्ट लागतो, कोण त्याला लागू देतं आणि कोण नाही, ते सगळं.

सुजाताच्या रिकाम्या काचेवर ठिपके पळत होते. नुसते पळत नव्हते, झुंबड होती.

तिने पुन्हा केलं. पुन्हा केलं. महिने गेले. मी तिला काय सांगितलं? मी म्हटलं, शेपूट तुटतेय तुझ्याकडून. तू प्रथिन बर्फाबाहेर ठेवतेस, हळू काम करतेस, तोवर शेपूट गळून पडते आणि मग पायांना धरायला कुणी उरत नाही. हे तसं होऊ शकतं, ऐकायला पटण्यासारखं आहे. ती मान डोलावून गेली आणि चार दिवसांनी जेलचा, म्हणजे प्रथिन किती लांब आहे ते दाखवणाऱ्या चाचणीचा, फोटो घेऊन आली. प्रथिन अखंड होतं, शेपूट जागेवर होती. मी म्हटलं, जेल नीट चाललेला नाही. तिने पुन्हा चालवला. तोही अखंड. मी म्हटलं — आणि हे वाक्य मी किती सहज म्हटलं! — "सुजाता, प्रत्येकाला हातगुण असतो असं नाही."

आमच्या धंद्यात ही एक वाईट खोड आहे. प्रयोग जमला की म्हणायचं, हात चांगला आहे. नाही जमला की खापर हातावर. हात कुणाला मोजता येत नाही, सिद्ध करता येत नाही, त्यामुळे ज्याच्यावर हा आरोप होतो त्याला तोंड उघडता येत नाही. शिवाय आमच्या घरांतल्या बायकांना हातावरून बोलणं कसं लागतं हे मला ठाऊक नव्हतं का? विडी सैल झाली की मुकादम पोरीच्या हाताला नावं ठेवून आख्खी चळत बाजूला टाकायचा, हे आम्ही दोघींनी आपापल्या आयांच्या तोंडून ऐकलं होतं.

एका शनिवारी बसमध्ये तिने विचारलं. प्रयोगशाळेत विचारायचा धीर झाला नसावा. खिडकीकडे बघत म्हणाली, "आक्का, रागावू नका. लई येळा करून बघिटलं ओ. शेपूट बी हाय, पाय बी हाईत, तरीबी वाकत न्हाय ते. मधल्या भागात काय झालं असंल का? मधलं वाचून घेतलंय न्हवं?"

मी म्हटलं, "व्हय गं. सगळं वाचलंय."

एवढंच. झालं. हेच ते, असं वाटतं ना तुम्हाला? मलाही बरीच वर्षं असंच वाटत होतं. एक चुकून निसटलेलं खोटं, प्रवासातलं, उलटीचा वास आणि आलेपाक यांच्यात बोललेलं. पण हे नाही ते. त्या क्षणी मला खरंच वाटत होतं की मधलं ठीकच असणार. न वाचलेल्या गोष्टीला वाचलेली म्हटलं, एवढाच गुन्हा असता तर मी हे सांगायला बसले नसते.

तिच्या प्रश्नाने मात्र माझी झोप उडवली. दोन दिवसांनी मी मधून वाचायचा तो तुकडा मागवला, माझ्या नावाने, कुणाला न सांगता, आणि धागा वाचायला पाठवून दिला. निकाल आला तेव्हा मी कोल्हापूरहून एका व्याख्यानाहून परतत होते. कोगनोळीच्या नाक्यावर गाड्यांची रांग लागलेली, पोलीस कागद बघत होते, बस हलत नव्हती. मोबाइलवर मेल उघडला. दांड्याच्या बरोबर मधोमध, जिथे मी दोन तुकडे जोडले होते, तिथे एक छोटा भाग गायब होता. इतका छोटा की जेलवर दिसला नसता. पण जिथे ते प्रथिन दुमडतं, नेमकं तिथलाच. कोपरच नाही म्हटल्यावर हात वाकणार कसा? शेपूट पायांपर्यंत पोहोचतच नव्हती. सुजाताने जे बघितलं होतं ते शंभर टक्के खरं होतं. तिचा हात उत्तम होता. तिने इतक्या वेळा, इतक्या नीट, तंतोतंत तेच दाखवलं होतं जे माझ्या चुकलेल्या धाग्याने दाखवायला हवं होतं.

मी मोबाइल मांडीवर पालथा घातला आणि पुढच्या सीटला डोकं टेकवलं. शेजारच्या बाईने विचारलं, बरं नाही का? मी म्हटलं, बस लागते मला.

आता ऐका. इथे अजूनही सगळं सावरता येत होतं. सोमवारी जाऊन मी म्हणू शकत होते, सुजाता, चूक माझी होती, मधलं वाचलं नव्हतं. ती हसली असती बहुतेक. आणि खरं तर ते वाईटही नव्हतं, उलट घबाड होतं! मोटर नेमकी कुठे वाकते हे तेव्हा कुणाला नीट सांगता येत नव्हतं, आणि माझ्या चुकीने ते आमच्या पदरात आणून टाकलं होतं. तिने पुढे त्याच्यावर काम केलं असतं तर तिचं नाव झालं असतं. आज पुस्तकात त्या दांड्याचं कोपर काढून दाखवतात. शोधलं दुसऱ्यांनी, दुसरीकडे. मी ते चित्र वर्गात फळ्यावर काढते.

मग का नाही सांगितलं? कारणं आहेत. केंद्राच्या तपासणीसाठी समिती यायची होती. माझ्या बढतीचं अडलं होतं. बैठकीत मी 'पूर्ण तपासलेला' म्हटलं होतं. आणि आमच्यासारख्यांना खुर्ची देताना लोक खुर्चीवर आधी एक शंका ठेवतात, मग तिच्यावर आपण बसायचं. ती शंका खरी ठरवायला टपलेले दोघे-तिघे होते, त्यांच्या तोंडात आयताच घास पडला असता. हे सगळं खरं आहे. पण ती शंका सुजाताच्याही खुर्चीवर होतीच ना? माझ्या वाटणीची मी तिच्याकडे सरकवली. मला ठाऊक होतं की ती काही बोलणार नाही.

मी काय केलं ते सांगते. शनिवारी दुपारी, सगळे गेल्यावर, नवा धागा बनवायला घेतला. या वेळी मधलंसुद्धा वाचून घेतलं, नीट. मग जुनी ट्यूब फ्रीजरमधून काढून टाकली आणि नवी तिथेच ठेवली. तीच जागा, तेच नाव, त्याच निळ्या शाईत. आणि सुजाताला म्हटलं, आता मी स्वतः करून दाखवते, तू फक्त बघ.

ती माझ्याबरोबर पायरीपायरीने उभी राहिली. मी तिच्या डोळ्यांदेखत ती ट्यूब काढली, प्रथिन काढलं, बर्फात ठेवलं, रंग लावला. ती करायची तसंच, काही वेगळं नाही, आणि ती ते बघत होती, कारण काही वेगळं असेल तर ते तिला शिकायचं होतं. रिकामी काच लावली. पडद्यावर काळोख. एखादा ठिपका कुठे हलायचा आणि थांबायचा. मग माल घातलेली काच लावली, आणि ठिपके निघाले एकामागोमाग एक. इतकं सुंदर दिसत होतं ते. मी पडद्याकडे बघत म्हटलं, "बघितलंस?"

तिने हात एप्रनच्या खिशात घातले.  मग हळूच म्हणाली, "मॅडम, एकदा मी करून बघू? याच ट्यूबमधनं?"

हे. हे आहे ते. इतका वेळ याच्याभोवतीच घिरट्या घालत होते मी.

तिला करू दिलं असतं तर जमलं असतं. पहिल्याच खेपेला जमलं असतं. ट्यूब बदलली हे पाप तरी तिच्या उपयोगी पडलं असतं. तिला वाटलं असतं की आपला हात आता बसला, ती पुढे गेली असती, पीएच.डी. झाली असती. माझं खोटं झाकलेलं राहिलं असतं आणि तिचंही वाकडं झालं नसतं. पण मी तिला ओळखत होते. जमल्यावर ती खूश होऊन गप्प बसणारी नव्हती. तिने विचारलं असतं — माझं सगळं तेच होतं, मग बदललं काय? आणि बदललेली गोष्ट एकच होती. ती फ्रीजरपर्यंत नक्की पोहोचली असती.

म्हणून मी नाही म्हटलं. नुसतं नाही म्हटलं नाही. म्हटलं, "किती दिवस वाया घालवायचे अजून? काही जणांचं डोकं चांगलं असतं, हात नसतो. त्यात लाजण्यासारखं काही नाही. वेळेवर ओळखलेलं बरं." अगदी मायेने म्हटलं. खांद्यावर हात ठेवला. त्या वेळचा माझा आवाज मला आजही ऐकू येतो आणि तो आवाज इतका प्रेमळ आहे की माझी मलाच शिसारी येते. ओरडले असते तर बरं होतं. ओरडणाऱ्या माणसावर निदान संशय तरी येतो.

त्या वर्षअखेरीला ती शिष्यवृत्ती सोडून गेली. निघताना मुलांनी चहा-भजी केली, मी चार चांगले शब्द बोलले. तिची आई नंतर निपाणीच्या बाजारात भेटली तर मलाच धीर देत होती. म्हणाली, "तुम्ही तरी काय करणार बाई, पोरीचं नशीब." मी तिच्या पिशवीतली मेथी बघत उभी राहिले. पुढे माझा लेख छापून आला. शेवटी आभार मानले आहेत त्यांत सुजाताचं नाव आहे — सुरुवातीच्या मदतीबद्दल. सुरुवातीच्या मदतीबद्दल! बढतीही झाली. त्या दोघा-तिघांनी अभिनंदन केलं.

बरीच वर्षं मी स्वतःला समजावत आले की बरंच झालं तिचं. बँकेची परीक्षा दिली, लागली, आज चिकोडीला अधिकारी आहे. घर बांधलं, भावाला उभं केलं, बापाचं ऑपरेशन केलं. पगार माझ्यापेक्षा फार कमी नसेल. प्रयोगशाळेत राहून काय सोनं लागलं असतं? आमच्यातल्या कितीजणी अर्ध्यावर कंटाळून जातात! हे वाक्य मी अनेकदा घोळवलं आहे आणि दर वेळी ते मधेच अडतं, कारण ती कंटाळून गेली नव्हती. ती पुन्हा करून बघू का म्हणत होती.

मागच्या आठवड्यात तिचा फोन आला. बेळगावात काम आहे, घरी येऊ का? रविवारी सकाळी आली. केसांत थोडी चांदी आलीय, अंगाने भरलीय, बोलणं मात्र तसंच, आवाज मोठा झालाय. बरोबर एक मुलगी होती, तिच्या भावाची पोरगी. बी.एस्सी. झालेली, बारीक, चष्मा लावलेली, आल्याआल्या माझ्या पुस्तकांच्या कपाटासमोर जाऊन उभी राहिली. मी चहा केला. सुजाताने पेढे आणले होते, पोरीला चांगला वर्ग मिळाला म्हणून.

पोरीला संशोधनात जायचं होतं. पेशींवर काम करायचं होतं, मायक्रोस्कोपवर. ती मला विचारत होती की ही मोटर माल ओळखते कशी, आणि एकच मोटर इतक्या वेगवेगळ्या मालांना कशी लागते, आणि चुकीचा माल लागला तर सोडते का. एकापाठोपाठ एक. मी उत्तरं देत होते. छान चाललं होतं. मला क्षणभर वाटलंही — बहुतेक हिला तुमच्याकडे घ्या म्हणायला आलीय सुजाता. घेईन. हिला घेईन आणि हिला तरी नीट...

पण सुजाता त्यासाठी आलीच नव्हती. कप खाली ठेवून ती पोरीला म्हणाली, "आता आक्कांनाच इचार. मी सांगून दमले. ह्ये हाताचं काम असतंय बाय, आणि आपल्या घरात हात न्हाय. डोकं हाय, हात न्हाय. मी वर्सं घालवलीत तिथं. ह्यांनी सोता माझ्यासमोर करून दाखवलं तवा माझ्या टाळक्यात उजेड पडला." मग माझ्याकडे वळली. डोळे भरून आले होते तिचे. "लई उपकार झाले तुमचे, आक्का. दुसऱ्या कुणी सांगितलं नसतं, नुसतं राबवून घेतलं असतं. तुम्ही आपलं मानून सांगितलं, म्हणून येळेवर भायेर पडले. आता हिला बी सांगा. तुमचं ऐकंल ती."

पोरगी माझ्याकडे बघत होती. कपाटाजवळच उभी होती, हातात माझंच एक पुस्तक, बोट मधल्या कुठल्यातरी पानात. मी नाही म्हणावं असं तिला हवं होतं. म्हणजे आत्याला नाही. स्वच्छ दिसत होतं. ती वाट बघत होती की मी म्हणेन, तसं काही नसतं गं.

मी म्हटलं, "आत्या सांगते ते ऐक."

पोरीने पुस्तक कपाटात परत ठेवलं. "बरं, मॅडम," म्हणाली.